नकाशावरचं पिवळं खळं

मोरा बंदराच्या बाजूला कोळीवाड्यात मी भाड्याने राहतो. साताऱ्याकडचा माणूस, शाळा आठवीत सुटलेली. तरी जमिनींचा आराखडा करणाऱ्या साहेबांनी मला मदतनीस म्हणून घेतलं आणि घरमालकीण मावशीने पहिल्याच दिवशी ताट वाढलं. दोघांचेही उपकार. फक्त एका पावसाळ्यात ते एकमेकांसमोर उभे राहिले.

काम सोपं होतं. मी काठी घेऊन चिखलात पुढे जायचं, कुठे पाय रुततो ते सांगायचं. साहेब मागून टॅबवर रंग भरायचे. खारफुटीला हिरवा, पाण्याला निळा, घरांना करडा, रिकाम्या जागेला पिवळा. ते म्हणायचे, डोंगर, ओढा, तळं, खारफुटी, खाडी हे सुटे तुकडे समजू नकोस. पाणी, मासे, पाखरं या सगळ्यातून फिरतात, मधला दुवा तुटला की सगळंच आजारी पडतं. ऐकायला पटायचं. पण आमच्या गावात धरणात जमिनी जाण्याआधी मोजणीवालेही असंच गोड बोलायचे, असं वडील सांगत. त्यामुळे साहेबांनी चहा पाजला तरी माझं लक्ष त्यांच्या बोटावर.

एक दिवस ते बोट मावशीच्या खळ्यावर थांबलं. बोंबील सुकवायची जागा ती. पण पावसात होड्या बंद, बांबू काढून ठेवलेले, सगळीकडे गवत. मी तोंड उघडायच्या आत पिवळा रंग भरून झाला, आणि त्यावरून ठिपक्यांची रेघ गेली. दोन बाजूंची खारफुटी जोडायला तिथे रोपं लावायची होती. साहेब खुशीत होते. मी विचारलं, जागा कुणाची वापरातली असली तर? ते म्हणाले, परवा खात्री करायला येणारच आहोत. मला ते 'परवा' काही बरोबर वाटेना.

घरी येऊन मावशीला सांगितलं. तिने संशय घेतला तो माझ्यावरच.

"तू कुनाचा रं? त्यांचा का आमचा?"

मी तिनेच वाढलेला भात चिवडत बसलो.

तिसऱ्या दिवशी साहेबांसोबत गेलो तर खळ्यात बांबू उभे, दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर घरच्या डब्यातले सुके बोंबील भर पावसात भिजत लटकलेले. वाड्यातल्या बायका छत्र्या घेऊन राखणीला, चेहरे अगदी साळसूद. साहेबांनी बोंबलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू सांगितलंस?"

नोकरी गेली असं धरून मी हो म्हणालो.

त्यांनी टॅब खाली केला. मग मावशीला विचारलं, खरं कधी सुकवता?

"दसऱ्यानंतर ये," मावशी म्हणाली. "नाक सांगंल तुला जागा कुठं हाय ती."

साहेबांना हसू आलं. अशा जागेसाठी टॅबवर रंगच नव्हता. त्यांनी नारिंगी नवा घेतला, आणि ठिपक्यांची रेघ खळ्याला वळसा घालून शेजारच्या तळ्याच्या कडेने नेली.

जागा वाचली, असं मी संध्याकाळी मावशीला म्हटलं. ती म्हणाली, "रंग त्यांचाच ना? मंग पुसताना आमाला इचारतील?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना तेच विचारलं. नकाशा अजून वरून मंजूर व्हायचाय, एवढंच ते म्हणाले. हे मी मावशीला सांगितलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती. भिजलेले बोंबील तिने कालवणात घातले, पण बांबू काढले नाहीत. उरलेला पावसाळा ते तसेच मोकळे उभे होते. कामावर जाताना एखादी दोरी सैल दिसली की मी ती ताणून पुढे जायचो.