बाकावरची लेक

लंबूने उमेदीची सगळी वर्षं क्लबसाठी बास्केटबॉल खेळण्यात घालवली. त्यातली निम्मी बाकावर बसून, कारण कोचचा भाचा संघात होता. गुडघा कामातून गेल्यावर लंबू स्वतःच कोच झाला आणि त्याने कानाला खडा लावला: आपल्या संघात घरच्या माणसाला झुकतं माप नाही म्हणजे नाही.

नेमकी त्याची मुलगीच संघात आली, तीही खेळात बापाला भारी. "मैदानावर मी तुझा बाबा नाही, सर आहे," त्याने बजावलं. लोक नावं ठेवतील या धास्तीने तिला सतत बाकावरच बसवलं. बायको म्हणायची, "अहो, त्या भाच्याचा राग पोरीवर कशाला काढताय?" की हा वसकन अंगावर जायचा.

तिच्या शेवटच्या सामन्यात हार डोळ्यांसमोर दिसू लागली, तेव्हा कुठे त्याने तिला हाक मारली. तिने बुटांच्या नाड्या केव्हाच सोडून ठेवल्या होत्या. त्या बांधेपर्यंत सामना संपल्याची शिट्टी झाली.

घरी येऊन तो दिवा न लावताच बसून राहिला. थोड्या वेळाने मुलगी दारात आली. तिच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा.

"सर, जेवायला वाढलंय."