मनातल्या मनात दाबलेलं बटण

बुधवार, पोळ्यानंतरचा चौथा दिवस. अमरावती, कॉलेजची मानसशास्त्राची प्रयोगशाळा. हजर: सर, बाई, सहायक म्हणून मी, आणि चांदूर बाजारहून एसटीनं आलेल्या काकू. गैरहजर: कोणी नाही. माझ्या वहीतली त्या दिवसाची नोंद एवढीच आहे.

सर आणि बाई एकाच विभागात शिकवत आणि एकाच प्रश्नावर वीस वर्षं भांडत. समोरची वस्तू आपल्याला दिसते आहे हे जाणवतं, ते मेंदूच्या कोणत्या भागामुळे? सर म्हणत, पुढच्या. तिथून बातमी साऱ्या मेंदूत पसरते तेव्हाच जाणीव होते. बाई म्हणत, मागच्या. पुढचा भाग फक्त ते सांगण्याच्या तयारीत असतो. शेवटी दोघांनी ठरवलं: काय निघालं तर कोण हरलं, हे आधी लिहायचं आणि मग मोजायचं. सह्या केलेला कागद माझ्या कपाटात राहिला. सरांचं ते निवृत्तीचं वर्ष. जन्मभर शिकवलं ते बरोबर होतं की नाही, हे त्यांना जाण्याआधी हवं होतं.

डोक्याला तारा लावायचं यंत्र अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून, सरांच्या जुन्या विद्यार्थ्याकडून, महिन्यासाठी आणलं. माणसं जमवणं माझ्याकडे. कापसाची ती वाईट वर्षं. पावसानं दडी मारलेली, निंदण नाही, म्हणून खेड्यातल्या बाया मोकळ्या होत्या. निरोप एकच: डोक्याला तेल लावू नका. निम्म्या तरी लावूनच येत. तेलावर तारा चिकटत नाहीत, म्हणून नळाखाली डोकं धुवून देण्याचं कामही माझ्या यादीत चढलं.

चष्म्याला एक काच लाल, एक हिरवी. पडद्यावर लाल घर आणि हिरवा चेहरा एकमेकांवर. बघता बघता घर दिसतं, मग चेहरा, मग पुन्हा घर. पहिल्या फेरीत चित्र बदललं की बटण दाबायचं. दुसऱ्या फेरीत बटण नाही, नुसतं बघायचं. सांगायचं काही नसतानाही पुढचा भाग जागा राहिला तर सर जिंकले.

बहुतेकींचा जागा राहिला. काकू शेवटच्या, त्यांचाही तसाच. सरांनी पेढे मागवले. मी काकूंच्या डोक्यावरच्या तारा काढत होते.

"बटण नव्हतं तेव्हा बरं वाटलं असेल ना?" मी सहज विचारलं.

"नव्हतं तं काय झालं? मी मनात दाबूनच राहिली होती. घर आलं, दाब. तोंड आलं, दाब."

"पण काकू, नुसतं बघायचं होतं," बाई म्हणाल्या.

"नुसतं बघाले मी लग्नात आली व्हय? कामाले बोलावलं अन् हात मांडीवर ठेवून बसू काय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरच म्हणाले, "म्हणजे काकू मनातून सांगतच होत्या. बाकीच्यांनी काय केलं?"

मला माहीत नव्हतं. प्रयोगानंतर विचारायच्या दहा प्रश्नांची यादी मी केली होती: चक्कर आली का, चष्मा टोचला का, असे. हा प्रश्न त्यात नव्हता. चूक माझी.

"पेढे तूर्त झाकून ठेवा," सर म्हणाले, "आणि सगळ्यांना विचारून या."

"मले तरी द्या एक," काकू म्हणाल्या, "माही एसटी आहे आता."

मी गावोगाव फिरले. बहुतेक जणी म्हणाल्या, हो, मनात दाबलं. त्याशिवाय काम झाल्यासारखं वाटलं नसतं. चौघी ठामपणे नाही म्हणाल्या. त्यांतल्या दोघींचे आलेख सरांच्या बाजूचे, दोघींचे बाईंच्या. विचारायची राहिली ती एकच, हिवरखेडची, आणि तिच्या दाराला कुलूप होतं. शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरीव भाड्यानं, देऊन घरचे सगळे सुरतेकडे गेले, असं शेजारीण म्हणाली.

सर निवृत्त झाले. तो कागद आता माझ्या घरी आहे. निकालाची ओळ कोरी. सरांचं म्हणणं सिद्ध झालं नाही म्हणून बाईंना ती आपल्या बाजूनं भरून घेता आली असती, पण त्या म्हणाल्या, "त्यांना घाई नाही तोवर मलाही नाही." सर दर दिवाळीला फोन करतात, तब्येतीचं बोलतात आणि ठेवताना विचारतात, "हिवरखेडची सापडली का?"

गेल्या महिन्यात सापडली. अकोल्यात जठारपेठेत लेकीकडे राहते, पत्ता मिळाला आहे. इतक्या वर्षांनी तिला तो चष्मा आठवेल की नाही, सांगता येत नाही. तिथे जाऊन विचारायचं राहिलं आहे.