खरी नक्कल

“माणसाच्या नावाआधी ‘माननीय’ पूर्ण लिहावं, तेवढ्यात लिहिणाऱ्याचा राग निम्मा उतरतो,” असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

नगरसभेच्या कचेरीत बाकी सगळे ‘मा.’ लिहून मोकळे होत. बाई एकतीस वर्षं तो शब्द चारही अक्षरांनी लिहीत आल्या. सभेत कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, विरोध कुणी केला, हे पेन्सिलीने टिपून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं इतिवृत्त टाइप करायचं, हे त्यांचं काम. सभागृहाच्या एका बाजूला तीन उंच खिडक्या होत्या, दुसऱ्या बाजूला कोरी भिंत. दोन्ही पक्षांना नावं होती, झेंडे होते, पण कचेरीत त्यांना खिडकीवाले आणि भिंतीवाले एवढंच म्हणत. मधल्या मोकळ्या जागेत, सभापतींच्या चौथऱ्याखाली, बाईंचं टेबल. शब्द इकडून तिकडे जाताना त्यांच्या डोक्यावरून जात, आणि जाता जाता थोडे खाली सांडत.

खिडकीवाले त्यांना भिंतीवाल्यांची समजत, भिंतीवाले खिडकीवाल्यांची. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी गत. घरी धाकटा भाऊ खिडकीवाल्यांचा कट्टर. जेवताना तो भिंतीवाल्यांना एकेका जनावराचं नाव द्यायला लागला की बाई म्हणायच्या, “ऐकलंय मी हे. दुपारीच ऐकून आलेय. भाजी वाढ.”

शिव्या त्या लिहीत नसत. शिवी आली की पेन्सिल कंसात एकच शब्द लिहायची: गोंगाट. पूर्वी एका सभेत असे चार कंस असायचे. आता एकेका पानावर चार. लिहून लिहून मनगट दुखायला हवं होतं, पण बाईंचे कान दुखत. निवृत्तीला सात महिने उरले होते. जुन्या वह्यांच्या कपाटासमोरून जाताना त्यांना वाटायचं, आत माणसं कमी आणि कंसच जास्त भरून ठेवलेत आपण.

अशात भिंतीवाल्यांचे मास्तर वारले.

शाळेतून निवृत्त झालेला माणूस. विषय बागेचा असो की दिव्यांचा, बोलत बोलत गटारावर यायचा. पण बोलण्यात गटार नुसतं विषयापुरतं नव्हतं. जिभेला हाड नसतं म्हणतात. मास्तरांच्या जिभेला दात होते. आजचे सभापती वीस-बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडून आलेले, खिडकीवाल्यांमधले सगळ्यात लहान. ते बोलायला उभे राहिले तसे मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, “याचं काय ऐकता? याच्या बापाच्या तराजूखाली जन्मभर अंगठा होता.” बाप किराणा दुकानदार. मुलाचं पहिलं भाषण ऐकायला तो कडक इस्त्रीचा सदरा घालून प्रेक्षकांच्या बाकावर बसला होता. सभागृह हसलं. हसणं संपेपर्यंत म्हातारा बसून राहिला, मग टोपी उचलून गेला. बाईंनी लिहिलं: गोंगाट.

सदस्य वारला की पुढच्या सभेत दुखवट्याचा ठराव होतो. मजकूर पिढ्यान्‌पिढ्या तोच. सर्व माननीय सदस्यांनी दोन मिनिटे उभे राहून आदरांजली वाहिली. बाई तो सभेच्या आदल्या दिवशीच टाइप करून ठेवत. सभेनंतर एक प्रत, ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून आणि खाली बाईंची सही होऊन, घरच्यांना जायची. या खेपेला मास्तरीणबाई दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीच्या गावी निघणार होत्या, त्यांचं घर बाईंच्या वाटेवर होतं, म्हणून बाईंनी आदल्या संध्याकाळीच नक्कल नेऊन दिली.

“झाली सभा?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“उद्या आहे. पण हे ठरलेलंच असतं. सगळे उभे राहतात.”

“सगळे?” त्यांनी कागद लांब धरून वाचला. “यांच्यासाठीसुद्धा?”

“सगळ्यांसाठीच राहतात,” बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

मास्तरीणबाईंनी कागदाची घडी केली नाही. मुलीला दाखवायचा म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभापतींनी नियम म्हणून ठराव वाचला. भिंतीवाले नऊ जण उठले. खिडकीवाल्यांच्या अकरांतलं कुणी उठलं नाही. सभापती चौथऱ्यावर बसून समोरच्या कागदाची कडा नखाने सरळ करत राहिले. दूधडेअरीवाल्या सदस्याने खिशातून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. “गटाराचं तोंड शेवटी बुजलं,” कुणीतरी म्हणालं, आणि खिडक्यांकडून हसू आलं. दुखवट्याला बाई कधी उभ्या राहत नसत. घड्याळाकडे बघून दोन मिनिटं मोजायचं काम त्यांचं. त्यांनी ती मोजली. सगळी दोन मिनिटं संत्र्याचा वास येत होता.

सभा संपल्यावर भिंतीवाल्यांमधले वकील टेबलावर वाकले. “बसलेल्यांची नावं घाला, बाई. एकूण एक. निवडणुकीत छापतो.”

“घाला की,” मागून डेअरीवाला आला. “माझं पहिलं घाला. संत्रंही घाला. आमच्या लोकांना कळू द्या आम्ही कुणापुढे उठत नाही ते.”

कित्येक वर्षांत दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

बाई त्या दिवशी घरी जेवल्या नाहीत. भाऊ म्हणाला, “ताई, बरं केलं आपल्या लोकांनी. म्हातारा कमी बोलला होता का?” बाई म्हणाल्या, “कमी नव्हता बोलला.” मग ताट बाजूला सारलं. मुलीच्या घरी, कुठल्यातरी खोलीत, मास्तरीणबाई तो कागद पुठ्ठ्यातून काढत असतील. सगळे. त्यांच्यासाठीसुद्धा. खाली शिक्का, खाली सही.

सकाळी त्या सभापतींच्या खोलीत गेल्या.

“साहेब, माझ्याकडून चूक झालीय.” त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानेच.

सभापतींनी चष्मा काढला. “मग अवघड काय आहे? नकलेप्रमाणे इतिवृत्त लिहा. आमचे चार लोक ओरडतील, ते मी बघतो.”

“पण उभे राहिले नव्हते ना, साहेब.”

“अहो, त्या बाईला बरं वाटेल.”

“वाटेल. पण खरं सोसायची ताकद नसलेलं माणूस म्हणून मी तिच्याकडे बघायचं का? अकरा जणांनी तिला हलकं लेखलंय. बारावी मी कशाला?”

सभापती पेनाचं टोपण काढत, लावत राहिले. “माझ्या वडिलांच्या वेळी बरं खरं लिहिलं नाहीत. सभापती झाल्यावर मी पहिल्यांदा ती वही काढली होती, ठाऊक आहे? ते पान शोधलं. नुसता कंस.”

“तुमच्या वडिलांनी ते कानांनी ऐकलं होतं. त्यांच्यापासून मी काही लपवलं नव्हतं. पण कागद राहतो, साहेब. उद्या त्यांचा नातू वाचेल.”

सभापतींनी पेन टेबलावर ठेवलं.

“तो मेला तरी माझा राग गेला नाही, बाई.”

“जाऊ द्या असं कोण म्हणतंय? उभं राहायला राग आड येत नाही. गुडघे येतात, माझ्यासारखे.”

सभापतींच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि तिथेच राहिलं. बाईंनी नवा कागद पुढे केला. नऊ माननीय सदस्य उभे राहिले. इतर माननीय सदस्य बसून राहिले.

“यात माझं नाव नाही.”

“कुणाचंच नाही.”

“संत्रं?”

“तेही नाही.”

त्यांनी दोनदा वाचलं आणि सही केली. “ही देणार त्यांना?”

“सोमवारी पाचच्या गाडीने यायच्यात. आधीची परत घेईन, ही देईन. माझी चूक मी माझ्या तोंडाने सांगेन.”

“सोमवारी सभा आहे,” सभापती म्हणाले, आणि कागद बाईंकडे सरकवला.

सोमवारी पहिलाच विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बाईंनी वाचलं. दुखवट्याच्या परिच्छेदाशी आल्यावर दोन्हीकडून नावांची आरडाओरड होणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आवाज न चढवता त्या पुढे जाणार, तोच चौथऱ्यावर खुर्ची सरकली. सभापती उठले होते. एक हात टेबलावर टेकलेला, नजर समोरच्या दारावर. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग खिडकीवाल्यांतला एक म्हातारा सदस्य हळूच उठला. त्याच्या शेजारचा उठला. आणखी तिघे अर्धवट उठले, एकमेकांकडे बघत. बाईंचा हात सवयीने घड्याळाकडे गेला.

“आता कशाला?” भिंतीकडून वकील म्हणाले. आपले नऊच्या नऊ बसलेले आहेत याची त्यांनी मागे वळून खात्री केली. “आमचं मागेच झालं. आता तुमची कवायत बघतो. चालू द्या.”

भिंतीवाले हसले. ज्यांच्या रांगेत मास्तर पंचवीस वर्षं बसले होते, ते हसले. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी छत्री ठेवली होती.

“बघा, बघा,” डेअरीवाला बसल्याबसल्याच ओरडला. “यांच्याच माणसासाठी उठेनात. बाई, लिहा यांची नावं.”

“आधी मागच्या सभेतली तुमची लिहू दे,” वकील म्हणाले.

“संत्रं लिहिलं का, ते सांगा.”

“लिहा, बाई.”

“लिहा.”

सभापती अजून उभे होते. अर्धवट उठलेल्या तिघांपैकी दोघे बसले. सभापतींनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता. टोपी उचलून गेलेल्या म्हाताऱ्याला शोधणारा, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा नवा सदस्य होता तो. घड्याळात अजून एक मिनिटही झालं नव्हतं. बाईंच्या पेन्सिलीने कंस उघडला. पुढचा शब्द हाताला इतका पाठ होता की बघावंसुद्धा लागत नसे. पेन्सिल तिथे थांबली. शब्द आला नाही.

बाईंनी पेन्सिल टेबलाच्या खाचेत ठेवली. कंस तसाच उघडा राहिला. दोन्हीकडून अजून नावं मागत होते. पाचच्या गाडीची वेळ होत आली होती. त्यांनी नव्या नकलेचा कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घातला, पुठ्ठे पिशवीत घातले, टेबलाला धरून गुडघे सरळ केले. सभा चालू असताना त्यांना टेबलावरून उठताना कुणीही कधी पाहिलं नव्हतं. “बाई?” वकील म्हणाले. “अहो बाई, कुठे निघालात?” डेअरीवाला म्हणाला. मधल्या मोकळ्या जागेतून, एका हाताला खिडक्या आणि एका हाताला भिंत, त्या सावकाश चालत गेल्या. पाठीमागे आवाज कमी होत गेला. एक खुर्ची सरकली, मग दुसरी, मग बऱ्याच. किती जण उठले ते बघायला बाई वळल्या नाहीत. त्यांनी दार लोटलं आणि त्या बाहेर पडल्या.