तोरणाची तार

दसरा जवळ आला की झेंडूच्या वासाबरोबर मला ती जळालेली गाडी दिसते. नोकरीत असेपर्यंत या प्रकरणावर मी कुणाशी बोललो नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा लोकांनी कारण विचारलं, मी पाठदुखी सांगितली. इथे कुणाचं नाव देणार नाही. बाकी मात्र जसं घडलं तसं लिहितो.

तेव्हा मी कोयनेच्या रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. खंडेनवमीचा दिवस होता. रायफली पुसून टेबलावर मांडल्या होत्या. जीपचं बॉनेट उघडून हवालदार इंजिनाला हळदीकुंकू लावत होते. आमच्याकडे गाडीची पूजा म्हणजे नुसती पुढून माळ घालणं नव्हे. इंजिनालाही कुंकू लागतं.

त्या गडबडीत आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे कोरेगाव तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार. मी पोलीस भरतीची तयारी करत होतो तेव्हा सुट्टीवर आलेले आप्पा आम्हा पोरांना पहाटे माळावर पळवायचे. माझ्या अंगावर वर्दी चढली त्यात त्यांचा वाटा मोठा.

"अरं, पोराची गाडी सांगलीत अडकून पडलीय," ते म्हणाले. "गॅरेजवाला म्हणतोय, दसरा झाल्यावर देतो. उद्या दारात पूजेला गाडी नको व्हय? तू जरा बोल की त्याच्याशी."

त्यांचा एकुलता मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. हौसेनं त्यानं दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती, कंपनीनं जशी बनवली तशीच, कुणी हात न लावलेली. आता तिची ताकद वाढवायला तो इंजिनाला टर्बो बसवून घेत होता.

मी गॅरेजवाल्याला फोन लावला. नाव सांगताना हुद्दाही सांगितला. तो सांगायची गरज नव्हती.

"साहेब, टर्बो बसलाय, पण इंजिनाचा नवा कॉम्प्युटर अजून यायचाय," तो म्हणाला. "अर्धं काम आहे. अशी गाडी मी बाहेर काढत नाही."

"सणाचा दिवस आहे. म्हातारा माणूस वाट बघतोय. पूजेपुरती दे, मग परत ने."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणून देतो."

दसऱ्याला दुपारी खबर आली की पाटणच्या पुढे चढावर एक गाडी कठड्याला धडकून पेटली आहे. आम्ही पोचलो तोवर आग विझत आली होती. मागून येणाऱ्या टेम्पोचालकानं जबाब दिला, की गाडी जोरात पुढे गेली, काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, खालून धूर आणि ज्वाळा आल्या आणि गाडी वळली ती वळलीच. चालवणारा एकटाच होता. पुढच्या जाळीवर झेंडूची अर्धी माळ शिल्लक होती. ती आणि दोन दारांचा सांगाडा बघून मी गाडी कुणाची ते ओळखलं.

आप्पांना फोन मीच केला. ते पलीकडून एवढंच म्हणाले, "हं. येतो."

दुसऱ्या दिवशी फिर्याद देताना मात्र ते ताठ बसले होते. "माझ्या पोराला त्या मिस्त्रीनं मारलं. अर्धी गाडी हातात दिली. वरचं कलम लाव."

मी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला हवा होता, तो स्वतःकडे ठेवला. स्टेशन डायरीत 'बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाल्याने' असं लिहून आम्ही सांगलीला निघालो. बातमीदार कुणी नव्हता. गॅरेज कुठलं, ते मला आधीपासून ठाऊक होतं.

मिस्त्री, म्हणजे तोच गॅरेजवाला, तिशीतला. मिरजेकडचं मुसलमान घर, पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं बनवणारं. यानं इंजिनं धरली होती. स्वभावानं जरा ताठ. आपल्या कामाची तारीफ आपणच करणारा. आम्ही गेलो तेव्हा तो गॅरेजच्या पायरीवर बसला होता. आत पान्यांच्या फळीवर कालचा झेंडू वाळत होता. तो पळाला नव्हता, पळायच्या बेतातही नव्हता.

चौकशी सुरू झाली. आमचे हवालदार जुन्या वळणाचे.

"कंपनीनं चांगलं इंजिन दिलं हुतं," ते म्हणाले. "त्याला ह्यो भोंगा कशाला जोडलास?"

"भोंगा नाही मामा, टर्बो."

"मामा म्हणू नगंस. मी तुझा मामा असतो तर तुला शिकायला आयटीआयला घातला असता."

"आयटीआयच केलंय मी."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं आणि तंबाखूची पुडी काढली.

मग तो सांगत गेला. मुलानं आधी इंटरनेटवर बघून मोठा टर्बो ठरवला होता. यानं नको म्हटलं, हे इंजिन तेवढ्या दाबासाठी बनलेलं नाही, छोटा घे, तो कमी वेगापासूनच ओढतो आणि पिस्टनही शाबूत राहतात. त्यावरून दोघांची महिनाभर हुज्जत चालली. दुसरा वाद कॉम्प्युटरचा. बाजारात एक छोटी डबी मिळते. ती मूळ कॉम्प्युटरला खोटे आकडे दाखवून वेळ मारून नेते. मुलाला आधी ती पुरेशी वाटत होती. मिस्त्रीचं म्हणणं, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरच नवा टाकू आणि तो या गाडीला बसवून जुळवू.

"का?" मी विचारलं.

"साहेब, लोहाराचा भाता बघितलाय ना? हवा वाढली की आग वाढते. टर्बो म्हणजे भाता. हवा जास्त आली तर पेट्रोलही त्या मानानं जास्त पडायला पाहिजे. जुन्या कॉम्प्युटरला ते कळत नाही, तो जुन्याच मापानं टाकतो. मग आतला पिस्टन वितळतो, त्याचा दांडा तुटून इंजिन फोडून बाहेर येतो, आणि ऑइल तापलेल्या टर्बोवर सांडतं." तो थांबला. "शेवटी त्यानं ऐकलं. छोटा टर्बो, नवा कॉम्प्युटर. लय विचारी पोरगा होता. निवड बरोबर झाली होती आमची."

"मग कॉम्प्युटर नसताना गाडी दिलीस कशी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कागदाकडे बघितलं.

"टर्बो बंद करून दिली," तो म्हणाला. "त्याला एक झडप असते. ती उघडी राहिली की हवेचा दाब बनत नाही, गाडी पहिल्यासारखी साधी चालते. मी ती उघडी ठेवून तारेनं बांधली. पोराला सांगितलं, तार सोडायची नाही, गाडी दाबायची नाही."

मी मुद्देमालाला सील करायची तार त्याच्यापुढे टाकली. "बांधून दाखव."

त्यानं टेबलाच्या कडीला ती बांधली. बारीक, एकसारखा पीळ, आणि टोक आत वळवून दाबलेलं, हाताला बोचू नये म्हणून. घरात तारा ओढण्यात बालपण गेलेल्याचा हात होता तो.

पण जळालेल्या गाडीत तार नव्हती. पोलादी तार अशा आगीत नाहीशी होत नाही. मोटार वाहन निरीक्षकांनीही झडपेला काही बांधलेलं नसल्याचं लिहून दिलं. पूजेनंतर कोयनेकडे फिरायला निघालेल्या मुलाच्या फोनवरून मिस्त्रीला संदेश गेला होता, "दादा, लय ओढतीय गाडी." त्यावर मिस्त्रीनं त्याला फोनवर फोन केले होते. गाडी चालवत असलेल्या मुलानं ते उचलले नाहीत. हे फोन म्हणजे गुन्हेगाराची घाबरगुंडी, असा अर्थ मी काढला. खरं तर बांधलेली गाडी ओढायला लागली म्हणजे तार सुटली, हे ओळखून तो मुलाला थांबवू बघत होता.

हवालदार बाहेर गेले तेव्हा तो हळू म्हणाला, "साहेब, फोन तुमचा होता."

"तो विषय वेगळा," मी म्हणालो.

तो पुन्हा त्या फोनबद्दल बोलला नाही. पोलीस कोठडीतल्या माणसाला कुठली गोष्ट बोलायची नाही हे लवकर कळतं.

इकडे गावात त्याच्या जातीधर्मावरून नको ती कुजबुज सुरू झाली होती. आणि मुलाबद्दलही लोक बोलत होतेच, की पुण्याचा पैसा डोक्यात गेला, माजानं गाडी हाणली आणि मेला.

पुरवणी जबाबासाठी मी एकटाच आप्पांच्या घरी गेलो. दारावर दसऱ्याचं तोरण तसंच होतं. झेंडू काळवंडला होता, आंब्याची पानं गुंडाळली होती. सुतकात ते उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी चपला काढायला वाकलो, उठताना नजर वर गेली. तोरणाचं एक टोक सुतळीनं बांधलं होतं. दुसरं तारेनं. तारेच्या मधल्या भागाला बारीक, एकसारखा पीळ होता, आणि टोक आत वळवलेलं.

मी उंबऱ्यात उभाच राहिलो.

"काय बघतोस?" आप्पा आतून आले.

"ही तार कुठली, आप्पा?"

"ती व्हय? गाडीतली. कुंकू लावायला बॉनेट उघडलं, तर आत समदं चकाचक आणि त्या नव्या यंत्राला ही तार गुंडाळलेली. म्हटलं, बघा मिस्त्रीचं काम. पल्टनीत अशी गाडी इन्स्पेक्शनला उभी केली असती तर साहेबानं मला उभा आडवा घेतला असता. पोरगा आंघोळीला गेला हुता. पक्कड घेतली, काढली. तोरणाला सुतळी कमी पडत हुती, तिथं लावली."

मी खुर्चीवर चढलो, तार सोडवली आणि खिशात घातली. तोरण एका बाजूनं लोंबकळलं. आप्पा माझ्याकडे बघत होते. पंच बोलवायला हवे होते, पंचनामा करायला हवा होता. मी जबाबावर त्यांची सही घेतली आणि निघालो. जबाबात तारेचा उल्लेख नव्हता.

ठाण्यात येऊन मिस्त्रीला सांगितलं, "तार सापडली."

तो भिंतीला टेकून खाली बसला. "मी म्हटलं होतं. कुठं सापडली?" मी सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं. पण लिहा साहेब. माझ्या हातनं पोरगा गेला असं लोक म्हणतायत. कागदावर लिहा."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. पुरेसा पुरावा मिळून येत नाही म्हणून प्रकरण बंद करायचा समरी अहवाल कोर्टात पाठवला. मिस्त्री सुटला, पण निर्दोष ठरला नाही. त्याच्याकडे गाड्या येणं थांबलं, गॅरेजला कुलूप लागलं.

स्वतःला मी सांगत आलो की एका बापाच्या डोक्यावर मुलाचं मरण ठेवायला नको म्हणून मी गप्प बसलो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तार कागदावर आली असती तर पुढचा प्रश्न आला असता, अर्धवट गाडी गॅरेजच्या बाहेर आलीच कशी? त्याचं उत्तर माझ्या फोनमध्ये होतं.

गेल्या वर्षी आप्पा कराडच्या दवाखान्यात होते. भेटायला गेलो. हाडं तेवढी उरली होती. बायकोला त्यांनी चहा आणायला बाहेर पाठवलं.

"ती तार तू का नेलीस, कवा सांगितलं न्हाईस," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"मला त्याच वक्ताला कळलं हुतं रं. पोलीस माणूस खुर्चीवर चढून तारंचा तुकडा उगीच काढत न्हाई." श्वास घ्यायला ते थांबले. "वाट बघत हुतो, तू इचारशील. तू इचारलं असतंस तर मी बोललो असतो. पोराच्या आईला तर सांगताच आलं न्हाई."

त्या दसऱ्यानंतर त्यांच्या दाराला कधी तोरण लागलं नाही, हे मी दरवर्षी बघत होतो. सुतक मनातून गेलं नसेल, असं मी समजत होतो. ज्यांना वाचवण्यासाठी मी गप्प बसलो म्हणत होतो, ते आप्पा त्या गप्प बसण्यातच एकटे जळत राहिले.

त्यांच्या तेराव्यानंतर मी मिस्त्रीला शोधून काढलं. तो आता सीमेपलीकडे, कर्नाटकात, ट्रॅक्टरचे पंप दुरुस्त करतो. मला बघून त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. मी खिशातून तार काढून त्याच्या बाकावर ठेवली. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात होती.

"आता कुणाला दाखवू ही?" तो म्हणाला.

"मी लिहिणार आहे. तुझं नाव घालून, सगळं."

"नाव नको. नाव आलं की लोक परत तेवढंच लक्षात ठेवतील." त्यानं तार उचलली, पिळावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. "पोराबद्दल मात्र नीट लिहा. तो माजोरी नव्हता. मी सांगितलेलं सगळं त्यानं ऐकलं होतं. आणि तार बांधलेली होती, एवढं लिहा."

नोकरीत मी पुष्कळांकडून खरं वदवून घेतलं. या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच, की खरं कळणं हे तपासाचं निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं आपल्या अंगावर येतं, आणि तिथे मी मागे सरलो.

ज्यांना ही गाडी, ते गॅरेज आणि तो मुलगा आठवतो, त्यांच्यासाठी लिहितो. मुलानं योग्य तेच निवडलं होतं. मिस्त्रीनं तार बांधली होती. मी ती पाहिली होती.