घोडीचा तोबरा आन सायकलीच्या मुठी

तीस वर्सं पोलिसात काढली, पन माज्या हातनं एक बी चोर सुटला न्हाई. सुटायच्या आदी धरावा लागतो, आन तितवर माजी मजल क्वचितच गेली. तरी त्या घोडीची केस अजून डोळ्यापुढं हुबी ऱ्हाती. एका दिवसात दोन गुन्हे उघडकीला आनले मी, आन दोन्ही झालेच नव्हते!

एकाहत्तर सालची गोष्ट. कर्जत तालुक्यात एका गावात आमची दोन खोल्यांची चौकी हुती. साहेब तालुक्याला गेल्ते, शिपाई समन्स बजवाया. म्हंजी चौकीचा राजा मीच. राजा चौथी नापास; सही येती, पंचनामा येत न्हाई.

सकाळीच एक काकू आल्या. वरातीला घोडी भाड्यानं द्यायच्या. नवरा गेल्यापासनं घर त्या पांढऱ्या घोडीवरच चाललेलं.

"हवालदार, घोडी चोरीला गेली माजी. उद्या वरात हाय, इसार घेतलाय!"

"काकू, सांजच्या आत घोडी दारात. ह्यो माजा शब्द."

समोरच्या चहावाल्यानं कपाबरोबर खबर दिली, की घोडी शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात हाय. सरकारी सायकल काढली, गेलो. घोडी निवांत कडबा खात हुती आन म्हातारा तिची मान खाजवत हुता.

"साहेब, दावं तोडून आपली आपन आली ती. हितंच जन्मली. दोन वर्सामागं म्या काकूला इकली, पन घर इसरंना."

"चोर असंच म्हनतो," मी म्हनलं. त्याच्या कमरंचा चाकू जप्त केला, फडक्यात बांदून वर लाख लावली. मंग निघालो. पुढं म्हातारा, मदी घोडी, मागं सायकल ढकलत मी. वाटंत एका बाईनं इचारलं, "नवरदेव कुनचा वो ह्यातला?"

चौकीवर घोडी लिंबाखाली बांदली. मुद्देमाल उपाशी ऱ्हाऊ नये म्हनून मुद्देमालाच्या खोलीतनं एक जुना तोबरा काढला. तोबरा म्हंजी घोड्याच्या तोंडाला बांदायची दान्याची पिशवी. कवाच्या केसमदली, कुनालाच ठावं न्हाई. त्यात हरभरं वतलं, घोडीच्या तोंडाला बांदला. आत कायतरी गुनगुनत हुतं. मला वाटलं, हरभरं आवडलं, घोडी गाती. तिनं मान अशी झटकली की पट्टा तुटून तोबरा लांब पडला. म्हनलं, पोट भरलं वाटतं. आन मी चौकशीला आत गेलो.

माजी चौकशी अशी, की सवाल बी मीच करायचो आन जबाब बी मीच द्यायचो.

"तुला पैशाची नड हुती. व्हय ना? व्हय! मंग कुनी सांगितलं घोडी न्यायला?"

"घोडीनं," म्हातारा म्हनला.

मी टेबलावर हात आपटनार, तेवढ्यात भाईरनं आवाज आला. लोहाराचा भाता फाटल्यावर करतो तसा. म्हातारा ताडदिशी उठला.

"साहेब, घोडी गुदमरतीया!"

"खाली बस! पळाया बगतो व्हय?"

त्यो बसला न्हाई. पळाला तो थेट घोडीकडं, आन मागनं मी.

घोडीचं नाक भाकरीवानी फुगलेलं. नाकपुड्याच्या जागी नुसत्या दोन चिरा. मान ताठ, डोळं भाईर, अंगाला घाम, पुढचं पाय लटलट कापत हुतं. मी तिथल्या तिथं दुसरा गुन्हा उघडकीला आनला.

"इख घातलंस व्हय रं तिला!"

आन घोडीला हवा मिळावी म्हनून दोन्ही हातानं तिचा जबडा फाकवाया लागलो. त्याच टायमाला घोडी गावल्याचं ऐकून काकू आल्या.

"अवो, तोंड कशाला फाकवताय? घोडं तोंडानं श्वास घेत न्हाई! नाक मिटलं की संपलं!"

"मला काय ठावं! मी तर घेतो तोंडानं."

"तुमी घोडं न्हाई! व्हा बाजूला!"

म्हातारा इकडं तिकडं बगत हुता. त्याची नजर माज्या सायकलीवर थांबली.

"हँडलच्या रबरी मुठी काढा. आन माजा चाकू द्या."

"चाकू जप्त हाय. लाख लावलीया."

काकूंनी गाठोडं माज्या कमरंच्या पट्ट्यातनं हिसकलं आन लाखंसकट गाठ दातानं तोडली. म्हाताऱ्यानं मुठींची बंद टोकं कापली. दोन नळ्या तयार. नळ्यांना लावाया मी माज्या जेवनाच्या डब्यातलं तेल पुढं केलं.

"ठेच्यावरचं?" काकू वरडल्या. "मारताय का तिला?"

मंग चहावाल्यानं भज्याचं गोडं तेल आनलं. काकूंनी घोडीच्या तोंडावरची दोरीची म्होरकी धरली, कानात "माजी बाय, माजी बाय" चाललं. म्हाताऱ्यानं एक नळी हळूच, फिरवत फिरवत नाकपुडीत सरकवली. मंग दुसरी. आत जाऊ नयेत म्हनून सुतळीनं म्होरकीला बांदल्या.

पळभर काईच न्हाई. मंग एकदम "फुर्रर्र!" नळीतला सगळा शेंबूड माज्या तोंडावर. देवाशप्पत सांगतो, अत्तर शिंपडल्यावानी वाटलं. छाती वरखाली व्हाया लागली. काकू हासत हुत्या, रडत हुत्या, आन ज्याला मी चोर म्हनून आनला त्याचाच दंड धरून हुब्या हुत्या.

मी जनावराच्या डॉक्टरला आनाया निघालो. एप्रिलचं ऊन, हँडलचं उघडं लोखंड तव्यावानी तापलेलं. चार मैल एकेक हात आलटून पालटून नेली सायकल. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, नाकावर गार पान्याची फडकी ठेवली.

"गांधीलमाश्या चावल्यात. चारपाच तरी. नळ्या घातल्या न्हसत्या, तर मी येऊन उपेग नव्हता. पोळं कुठंय?"

मला तोबरा आठवला. केसचा धागा गावला म्हनून मी ऐटीत त्यो उचलला आन आत डोकावलो. एक माशी राह्यली हुती. माज्या नाकावर बसून तिनं जबानी दिली.

म्हातारा घोडीजवळ बसल्या बसल्या म्हनला, "साहेब, इख घालनारा गावला की!"

काकूंनी फिर्याद मागं घेतली. मी साहेबाला लिहून कळवलं, "सरकारी सायकलीच्या दोन मुठी घोडीच्या नाकात खर्ची पडल्या." साहेबानं कागद दोनदा वाचला, मंग माज्या नाकाकडं बगितलं आन गुमान सही केली.

वरात एक दिस पुढं ढकलली. सूज उतरली हुती, तरी नाक जरा जाडच. घोडी मातर नाचली, आन लगाम म्हाताऱ्याच्या हातात. बंदोबस्ताला मी. लोक नवरदेव सोडून घोडीचं आन माजं, दोन्ही नाकं बगत हुते.

त्या केसनं एक शिकवलं. दुसऱ्याला जाब इचारायच्या आदी, सकाळपासनं आपन काय काय करून ठेवलंय ते एकदा आठवावं. पन हे शानपन मला लई उशिरा आलं. वरातीत मी मिशीला पीळ देत चार लोकांत सांगत हुतो, "काय बी म्हना, घोडी वाचवली ती पोलिसानं."

काकू शेजारनंच चालल्या हुत्या.

"वाचवली तुमच्या सायकलीनं," त्या म्हनल्या. "आन ती बी तुमच्यापासनं."