माझ्या तोंडात शिकलेली बॅच

"जाड कातडीची माणसं ही. दुखत नाही यांना. टोच बिनधास्त."

माझा गाल बोटाने ताणून सर हे बोलले. अख्खी बॅच खिदळली. मी खुर्चीत आडवी, तोंड वासून.

ठाण्यातलं डेंटल कॉलेज. दात बधिर करायची सुई शिकायची तर पोरापोरींनी एकमेकांना द्यायची, अशी आमच्याकडे रीत. माझ्याबरोबर जोडी लावायला कुणी तयार नाही. कॅटेगरीतून आलेली ना मी, कोपरीच्या चाळीतली. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "तू मॉडेल." मग दर वेळी मीच मॉडेल. नौपाड्यातल्या डॉक्टरांची पोरं माझ्या जबड्यात हात साफ करायची. माझ्या हातात सुई एकदाही आली नाही. परीक्षेत पेशंटला मी काय डोंबल टोचणार होते?

मागच्या खेपेला एकाच जागी तिघांनी टोचलं. जबडा धरला. घास जाईना. आई चमच्याने पेज भरवत होती आणि रडत होती. "अगं, डॉक्टर व्हायला गेलीस का मार खायला?"

म्हणून आज खुर्चीत बसायच्या आधीच बोललेले, "सर, आज मी देते."

"फुकटची सीट मिळाली ती कमी पडली का गं? झोप."

झोपले. लाज वाटते सांगायला, पण झोपले. पहिली सुई गेली. अर्धा ओठ मेला. दुसरा पोरगा सुई घेऊन पुढे आला, आणि मग सरांचं ते जाड कातडीचं बोलणं. त्यांचं बोट अजून माझ्या दातांमध्ये होतं.

मी चावले.

रबराचा ग्लोव्ह फाटला. तोंडात रक्त आलं, त्यांचं. सर आईवरून शिव्या देत ओरडले, दुसऱ्या हाताने माझ्या कानाखाली काढली. परत काढली. मी सोडलं नाही. नंतर सगळ्यांना सांगितलं, जबडा बधिर होता, जोर कळला नाही. खोटं. चांगला कळत होता.

प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "पाया पडून माफी माग. नाहीतर वर्ष गेलं समज."

ओठ लोंबत होता, लाळ गळत होती. तरी शब्द नीट काढले. "मागणार नाही. मला कानाखाली मारली, त्याचं काय?"

मॅडमनी दाराकडे बोट दाखवलं.

जाऊ दे वर्ष. पुढच्या बॅचमध्ये बसेन, पण सुई हातात घेऊन. खुर्चीत आधी दुसरं कुणीतरी झोपेल, मग माझी पाळी. आणि परत कुणी माझ्या तोंडात बोट घातलं, तर ते बोट त्याला परत मिळणार नाही.