फुप्फुसवाल्या काकांची मांडी

जनावरांच्या दवाखान्यात श्वास तपासायचं काम काकांकडे, म्हणून त्यांना सगळे फुप्फुसवाले काका म्हणत. कुत्र्यामांजरांना ‘मोठा श्वास घ्या, आता फुंका’ असं सांगून उपयोग नसतो. म्हणून कुत्र्याला पट्टा लावून बोळातून चालवायचं आणि किती धाप लागते ते बघायचं. मांजराला बंद पारदर्शक पेटीत बसवायचं. ते श्वास घेईल तसा आतल्या हवेचा दाब हलतो आणि पडद्यावर रेघ उमटते. ती रेघ वाचण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं काकांचं स्वतःचं मत होतं. बोळात मात्र कुत्र्याआधी काकांनाच धाप लागे आणि कुत्रं थांबून मागे बघे.

घरच्या मांजरीला ते बाईसाहेब म्हणत. बायकोने बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं, पण रोज संध्याकाळी ती बसे काकांच्या मांडीवर आणि घुर्रघुर्र सुरू करी. “बघ, कसा जीव लावलाय माझ्यावर,” काका बायकोला ऐकवत.

“अहो, ती खोकते हल्ली.”

“पोटात केस गेलेत. मला नको शिकवूस.”

मग एका सकाळी बाईसाहेब स्वयंपाकघरात मान ताणून, तोंड उघडं टाकून श्वासासाठी तडफडू लागल्या. बायकोने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि दवाखाना गाठला. काका मागून चपला शोधत धावले.

ऑक्सिजन देऊन ती जरा सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला पेटीत ठेवलं आणि काकांना दार दाखवलं. “मालकांनी बाहेर बसायचं, काका. तुमचाच नियम.” काका बाकावर बसले. शेजारच्या कुत्रेवाल्याने ‘होईल हो सगळं ठीक’ म्हटलं. हे वाक्य काका स्वतः रोज मान वर न करता लोकांना सांगत.

“दमा आहे,” डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावून रेघ दाखवली. “मांजर लाडात येतं तेव्हा श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा घुरघुरतं. हिचा आवाज फक्त सोडताना येतोय. छातीतल्या नळ्या आवळल्यात. मांडीवर घुर्रघुर्र करायची म्हणता, ती हीच असणार.”

रेघ आंधळ्यालाही कळेल इतकी स्पष्ट होती. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

औषध फवाऱ्याचं निघालं, तोंडावर मास्क दाबून रोज द्यायचं. बायकोला ते जमेना, म्हणून ते काकांच्या गळ्यात पडलं. त्या दिवसापासून काकांची चाहूल लागली की बाईसाहेब कपाटाखाली, आणि संध्याकाळी बायकोच्या मांडीवर.

परवा काका मास्क घेऊन जमिनीवर पालथे पडले. “ये गं माझी राणी,” अशी विनवणी चालली होती. राणीने कान मागे टाकले आणि काकांच्या तोंडावर फिस्कारली. लांबलचक, छाती भरून, मध्ये कुठेही न अडखळता. काका खोकल्याची वाट बघत राहिले. तो आला नाही.

“अगं, इकडे ये,” त्यांनी बायकोला हाक मारली, “ती मला पुन्हा शिव्या देईल, तू नीट ऐक.”